निगोशिएशनला मराठीत काय म्हणायचं? आधी कुठलं ते बघा

परवा ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, निगोशिएशनला मराठी शब्द सांग ना, मेलमध्ये टाकायचाय. मी सवयीने वाटाघाटी सांगून मोकळा झालो आणि मग मेल वाचला तर साहेबांना कार्टन बॉक्सवाल्याकडून नगामागे दोन रुपये कमी करून हवे होते. दोन रुपयांसाठी वाटाघाटी! भारत-पाकिस्तान वाटायला लागलं ते.

तर आधी मूळ शब्द बघू, थोडक्यात. लॅटिनमध्ये ओटियम म्हणजे निवांतपणा, सवड. त्याच्या आधी नकार लावला की झालं नेगोटियम, म्हणजे सवड नाही, कामात आहे, धंदा. रोमन काळात नेगोशिएटर म्हणजे मुख्यतः प्रांतांमध्ये जाऊन व्यापार आणि सावकारी करणारा माणूस, तहाची बोलणी करणारा साहेब नव्हे. स्पॅनिशमध्ये नेगोसिओ म्हणजे आजही सरळ धंदाच. इंग्रजीत मात्र धंदा मागे पडला आणि धंद्यात जी बोलाचाली होते तीच शब्दाचा अर्थ होऊन बसली.

आता आपल्याकडे गंमत अशी की या एका शब्दाच्या जागी पाच-सहा आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं की नक्की चाललंय काय.

फक्त पैशावर अडलंय? मग भाव करणं किंवा घासाघीस. "मावशी, मेथी वीसला दोन द्या की" ही घासाघीस. पण शब्दाला जरा चिकटपणाचा वास आहे हं, त्यामुळे समोरच्याला मेल करताना "आपण घासाघीस करू" लिहू नका, "दराबद्दल बोलायचं आहे" एवढं पुरतं.

मुद्दे बरेच आहेत, बैठकीवर बैठक होतेय, दोन्ही बाजू आपलं आपलं धरून बसल्यात, मग वाटाघाटी. संप, जागावाटप, करार वगैरे. लहानपणी मला यात वाट आणि घाट दिसायचे, आता वाटणं आणि घाटणं जास्त पटतं, चटणी वाटावी आणि पिठलं घाटावं तसा विषय घोटत बसायचं. आणि शक्यतो अनेकवचनच वापरा, वाटाघाटी चालतात, फिसकटतात.

लग्न असेल तर बोलणी. आत कितीही देण्याघेण्यावरून ताणलेलं असो, पाहुण्यांसमोर वाटाघाटी म्हणालात तर आत्या उठून जाईल. दुसऱ्याच्या वतीने बोलायला गेलात तर शिष्टाई, कृष्ण पांडवांकडून कौरवांकडे गेला ती. शेवटी पाच गावं तरी द्या इथपर्यंत मागणं खाली आलं होतं आणि दुर्योधनाने तेही दिलं नाही, त्यामुळे शिष्टाई नेहमी यशस्वीच होते असं काही नाही. आणि मधे बसून दोघांचं जुळवून दिलं तर ती मध्यस्थी.

इथे बरेचजण अजून एक घोळ करतात, बोलणं चालू असताना तडजोड लिहितात. तडजोड म्हणजे दोघांनीही थोडं सोडलं, ते शेवटी होतं. सौदाही तसाच, तो पटतो किंवा तुटतो. तह राजा-राज्यांचा, आणि त्यात सारखंच सोडावं लागतं असं नाही, 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले आणि हातात 12 राहिले. त्याला तडजोड म्हणून बघा, कसं चुकल्यासारखं वाटतं.

काही ठिकाणी तर यातला एकही शब्द चालत नाही. इंग्रजीत ड्रायव्हर वळणसुद्धा निगोशिएट करतो, आपण घाटात नुसतं वळण काढतो किंवा घेतो. आणि चेकवर दोन रेघांमध्ये नॉट निगोशिएबल लिहिलेलं असतं त्याचा रकमेवर घासाघीस नको असा अर्थ नाहीये (माझा काका बरीच वर्षं तेच समजत होता). 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये निगोशिएट म्हणजे कागद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात त्याच्या हक्कासकट जाणं, आणि हा शिक्का असला की घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही, म्हणजे चोरलेला चेक कितीही सज्जनाने घेतला तरी तो त्याचा होत नाही.

पोराच्या मेलचं म्हणाल तर शेवटी असं लिहिलं: "दर जरा जास्त वाटतो, काही कमी होईल का?" दीड रुपया उतरला.