चकचकीत कागद हवा? आधी उजेड सांगा

जळगावात माझा छोटा ऑफसेट छापखाना आहे. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, फोटो उठून दिसले पाहिजेत, चकचकीत कागद टाका." मी लगेच हो म्हणत नाही. तो फोटो लोक कुठे आणि कसल्या उजेडात पाहणार, हे आधी विचारतो.

फोटोंसाठी वापरतात त्या आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो. त्यामुळे शाई फार आत मुरत नाही, ज्या बारीक ठिपक्यांनी फोटो छापला जातो ते फुटत नाहीत. तोच फोटो मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर, मळकट वाटतो. लेप घोटून तकतकीत केला की ग्लॉस, तसाच ठेवला की मॅट.

केळीचे घड, साड्या, जेवणाची ताटं यांना ग्लॉस द्यावा. रंग भरतो, काळा खोल दिसतो. सोन्याचे दागिनेही त्यावर झळकतात, पण सराफाच्या काउंटरवर डोक्यावरच दिवे. पान उघडलं की नेमकी हारावरच पांढरी तिरीप! तिथे मॅट बरा. मजकूर जास्त असेल तरी मॅटच, डोळे शिणत नाहीत.

मॅटची खोड मात्र मी पैसे मोजून शिकलो. लग्नसराईत एका पुस्तिकेला गर्द मरून पार्श्वभूमी होती. मॅटवर शाई सावकाश वाळते, हे ठाऊक असून घाईत त्याच संध्याकाळी कटिंग केलं. समोरच्या पांढऱ्या पानांवर मरून डाग! दोनशे प्रती पदरच्या खर्चाने पुन्हा छापल्या. आता गडद रंग असला की वरून वॉर्निशचा पारदर्शक थर मारतो आणि माल पूर्ण एक दिवस वाळू देतो, गिऱ्हाईक कितीही फोन करो.

जाडीचं थोडक्यात: आतली पानं १३० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), मुखपृष्ठ ३०० जीएसएम आणि त्यावर लॅमिनेशन, म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म. ९० जीएसएमवर मागचा फोटो पुढे दिसतो. १७० च्या वर घडी घालायची तर आधी क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडून घ्या, नाहीतर घडीवर लेप तडकून पांढरी रेघ उमटते. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन करणार असाल, तर खाली ग्लॉस कागदाचा हट्ट कशाला? चमक फिल्मच झाकते.

मोबाइलवर पाहून कागद ठरवू नका. छापखान्यातून त्याच कागदावर आधी छापलेलं एखादं पान मागून घ्या. दारात उन्हात धरा, मग ट्यूबलाइटखाली, आणि गडद भागावर अंगठा घासून पाहा. माझ्या टेबलाच्या खणात अशी वीसेक पानं कायम असतात, आणि त्यातलं ते डाग पडलेलं मरून पान मी सगळ्यात आधी दाखवतो.