खुर्ची दाराकडे किती सरकवायची? विद्यार्थी म्युझिक व्हिडिओचं टेबलावरचं काम

गाणं पक्कं झालं की पहिल्या बैठकीत हमखास कुणीतरी शब्द छापून आणतं आणि प्रत्येक ओळीसमोर एकेक चित्र लिहिलं जातं. पाऊस आला की पाऊस, रस्ता आला की रस्ता. दोन तासांत कागद भरतो, सगळे खूश होतात आणि व्हिडिओ तिथेच बसतो, कारण कानाला कळलेलंच डोळ्यांना पुन्हा सांगायचं असं ठरून गेलेलं असतं. माध्यम-सिद्धांताचा खरा उपयोग या बैठकीत आहे. शूटिंग उरकल्यावर अहवालात बार्थ आणि मल्व्ही या सिद्धांतकारांची नावं चिकटवली तर ती चिकटवलेली आहेत हे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

आधी गाणं मोजा

शब्दांचा कागद बाजूला ठेवा. हेडफोन लावून गाणं निदान तीनदा ऐका आणि एक तक्ता करा: वेळ, भाग (सुरावट, मुखडा, अंतरा, मधलं संगीत), त्या भागातले बार (मात्रांचे ठरलेले गट), तिथे नव्याने येणारं किंवा थांबणारं वाद्य, आणि ओळ. चित्राचा रकाना अजून रिकामाच राहू द्या.

टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग, काढा. समजा गाणं ९६ बीपीएमचं (मिनिटाला ९६ मात्रा), चार मात्रांच्या बारचं आणि ३ मिनिटं २० सेकंदांचं आहे. एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, एक बार २.५ सेकंदांचा, म्हणजे अख्ख्या गाण्यात ८० बार. तुमच्याकडे असलेली जागा ही एवढीच. आठ बारचा मुखडा म्हणजे २० सेकंद. त्यात 'ती उठते, पत्र वाचते, फाडते, बाहेर पडते, बस पकडते' एवढं कोंबलं तर काहीच दिसत नाही.

याच आकड्यात संकलनातला एक सापळा दडलेला आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ९६ बीपीएमला एका मात्रेत १५.६२५ फ्रेम बसतात. अर्धीमुर्धी फ्रेम कापता येत नाही म्हणून १६ धरल्या आणि प्रत्येक कट आधीच्या कटपासून मोजत गेलात, तर ३२ मात्रांनंतर तुम्ही १२ फ्रेम, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद, मागे पडलेले असता. व्हिडिओ 'कुठेतरी ढिला वाटतोय' ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. मार्कर (संकलनातल्या कटच्या खुणा) नेहमी गाण्याच्या सुरुवातीपासून मोजून टाका, आधीच्या मार्करपासून नको.

आता शॉटचा हिशेब. २०० सेकंदांत सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला तर ५० शॉट लागतात. निम्मे गाण्याचे (गायिका गाताना दिसते ते), निम्मे कथेचे, असं म्हणू. गाण्याचे २५ शॉट चार मांडण्यांतून (कॅमेरा आणि दिवे एकदा लावले की एक मांडणी) निघतात: प्रत्येक मांडणीला दिवे लावायला ४० मिनिटं, संपूर्ण गाण्याचे तीन टेक म्हणजे १० मिनिटं, एकूण साडेतीन तासांच्या आत. कथेचे २५ शॉट मात्र २५ वेगळ्या मांडण्या मागतात. नवख्या चमूला एका मांडणीला २५ मिनिटं लागली तरी दहा तासांवर जातं. म्हणून कापायचं असेल तर कथा कापा, आणि आजच कापा. शूटिंगच्या दिवशी संध्याकाळी कापली जाते ती बहुधा शेवटाची कथा असते.

ओळ आणि चित्र यांचं नातं

माध्यम-अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली म्युझिक व्हिडिओतल्या शब्द-चित्र नात्याचे तीन प्रकार मांडले. चित्र गाण्याचा अर्थ नुसता दाखवतं, किंवा त्यात भर घालतं, किंवा त्याच्याशी फारकत घेतं. परीक्षेत हे पाठ म्हणून दाखवणं सोपं आहे. एका ओळीवर करून पाहिलं की खरा फरक कळतो.

समजा मुखड्यात ओळ आहे: 'दार तू उघडंच ठेवून गेलास.'

नुसतं दाखवायचं तर उघडं दार, आणि त्यातून येणारा उजेड. झालं.

भर घालायची तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका खुर्चीवर गायिका बसलेली आहे, दार चौकटीच्या कडेला जेमतेम दिसतंय. दुसऱ्या मुखड्यात खुर्ची दाराच्या थोडी जवळ आलेली आहे. तिसऱ्या मुखड्यात ती उंबऱ्यावर आहे, पण गायिकेची पाठ बाहेरच्या बाजूला. ती जाणार की वाट अडवून बसली आहे, हे ओळीत नव्हतं. ते चित्राने आणलं.

फारकत घ्यायची तर गायिका जलतरण तलावात पाण्यावर तरंगायला शिकते आहे. दार कुठेच नाही. इथे रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली मांडलेली एक कल्पना उपयोगी पडते: चित्राचे अनेक अर्थ संभवतात आणि सोबतचे शब्द त्यांतल्या एकाला नांगर टाकून बांधून ठेवतात. ती ओळ ऐकू येत असताना दिसणारी तलावाची कड आपोआप उंबरा होते. ओळ तिथे नसेल, नुसतं वाद्यसंगीत चालू असेल, तर तो फक्त तलाव राहतो. म्हणून फारकतीचं चित्र पहिल्यांदा दाखवायचं ते ओळीवरच दाखवा. नंतर ते मधल्या संगीतात मोकळं सोडता येतं.

मराठी वाचकाला यासाठी नवी परिभाषा घोकायची गरजच नाही. अभिधा आणि व्यंजना आपल्याकडे आधीपासून आहेत. खुर्ची म्हणजे बसायची वस्तू, ही अभिधा. उंबऱ्यावरची रिकामी खुर्ची जे सुचवते ती व्यंजना. तक्त्यातला चित्राचा रकाना आता भरायला घ्या आणि त्याला दोन घरं करा: 'काय दिसतं' आणि 'काय सुचतं'. दुसरं घर रिकामं राहिलं तर तो शॉट निव्वळ भरणा आहे. थोडा भरणा चालतो. गाण्याला श्वास घ्यायला जागा लागतेच.

'काय सुचतं'मध्ये स्वतःला फसवणं फार सोपं असतं, म्हणून चिन्हमीमांसेतली (चिन्हांतून अर्थ कसा घडतो याच्या अभ्यासातली) बदलून पाहण्याची कसोटी लावा. शॉटमधली एकच गोष्ट मनातल्या मनात बदला: लाकडी खुर्चीऐवजी प्लास्टिकची, लाल ओढणीऐवजी करडी, रात्रीऐवजी दुपार. अर्थ बदलला तर ती गोष्ट काम करते आहे, तिच्यावर वेळ घाला. काहीच बदललं नाही तर तिच्यासाठी बाजार पालथा घालू नका.

खुर्चीचा शॉट घेताना काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण कागदावर हा सगळ्यात सोपा शॉट वाटतो. तीनही मुखडे एकाच मांडणीत, ट्रायपॉड न हलवता, एकाच लेन्सवर घ्या. दुसऱ्या मुखड्यात 'जरा वेगळं काहीतरी' म्हणून कॅमेरा सरकवला की खुर्ची सरकली का आपण सरकलो हे प्रेक्षकाला मोजता येत नाही आणि कल्पना जागीच संपते. जमिनीवर खुर्चीच्या पुढच्या दोन पायांच्या जागा टेपने १, २, ३ अशा आखा. वाइड लेन्समध्ये ३० सेंटीमीटरचा फरक नजरेतच येत नाही. मधलं अंतर निदान ६० सेंटीमीटर ठेवा आणि फ्रेममध्ये मोजायला स्थिर खूण ठेवा, फरशीची रेघ किंवा खिडकीचा गज. दारातून दिवसाचा उजेड येत असेल तर तीनही जागा एका तासात उरका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) मॅन्युअलवर लॉक करा. ऑटोवर ठेवलात तर गायिका उजेडाजवळ जाईल तशी खोली आपोआप अंधारत जाईल. तो परिणाम हवाच असेल तर तो दिव्यांनी करा, कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडू नका.

ताल कुठे दिसायला हवा

प्रत्येक मात्रेवर कट मारणं हा विद्यार्थी व्हिडिओचा सर्वांत ओळखू येणारा आजार आहे. तिसाव्या सेकंदाला डोळा थकतो. सिनेमातल्या आवाजाचे अभ्यासक मिशेल शिआँ यांनी नोंदवलं आहे की आवाज आणि हालचाल एकाच क्षणी घडली तर मेंदू ती आपोआप एकत्र बांधतो, मग त्यांचा एकमेकांशी काही संबंध असो वा नसो. याचा फायदा घ्या. शॉट लांब ठेवा आणि ठोका शॉटच्या आत पडू द्या: ड्रमच्या ठोक्यावर पडदा ओढला जातो, पेला टेबलावर टेकतो, मान वळते. कट ओळीच्या किंवा चार बारच्या टोकाला ठेवा. ठोक्यावर कट मारायचाच तर एक-दोन फ्रेम आधी मारून पाहा, अनेकदा तोच नेमका बसल्यासारखा वाटतो.

चमकणाऱ्या दिव्यांचा मोह असेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको. प्रकाशामुळे फेफरं येणाऱ्या प्रेक्षकांसाठी ही मर्यादा पाळली जाते.

कोण कुणाकडे पाहतंय

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली दाखवून दिलं की मुख्य प्रवाहातल्या सिनेमात पाहणारा बहुधा पुरुष असतो आणि पाहिली जाते ती बाई. कॅमेरा त्या नजरेच्या जागी उभा राहतो. म्युझिक व्हिडिओत हे आणखी सहज घडतं, कारण इथे तुकड्यातुकड्यांत शरीर दाखवायला कथेचं निमित्तही लागत नाही. स्टोरीबोर्डच्या (शॉटच्या क्रमवार रेखाटनांच्या) प्रत्येक चौकटीखाली एक ओळ लिहा: 'ही नजर कुणाची?' 'कॅमेऱ्याची' असं उत्तर आलं की थांबा. कॅमेऱ्याला स्वतःची नजर नसते, ती तुम्ही दिलेली असते. मग त्याच चौकटीत पुरुषाच्या जागी बाई आणि बाईच्या जागी पुरुष उभा करून पाहा. चित्र हास्यास्पद झालं तर ते कशामुळे झालं तेच तुमच्या शॉटमधलं गृहीतक.

लेन्समध्ये थेट पाहणं हे याच हिशेबातलं हत्यार आहे आणि ते उधळलं जातं. गायिका पहिल्या सेकंदापासून प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून गात राहिली तर शेवटच्या मुखड्यासाठी काही उरत नाही. एक नियम ठरवून टाका, उदाहरणार्थ: अंतऱ्यात नजर खोलीत, मुखड्यात लेन्समध्ये. किंवा संपूर्ण गाण्यात फक्त एकदा.

कलाकाराची प्रतिमा घडवलेली असते, हा चित्रपट-अभ्यासक रिचर्ड डायर यांचा मुद्दा इथे अगदी व्यवहारात उतरवता येतो. एक पोशाख, एक रंग, एक लकब निवडा आणि ती व्हिडिओत, पोस्टरवर, थंबनेलवर तशीच ठेवा. पहिल्या २० सेकंदांत चेहरा एकदा स्वच्छ दिसू द्या. नवख्या कलाकाराला गूढ राहणं परवडत नाही.

लिप-सिंक

लिप-सिंक म्हणजे वाजणाऱ्या गाण्याशी ओठ जुळवणं. गाण्याच्या फाइलला सुरुवातीला एकेक मात्रेच्या अंतराने चार टिकटिक जोडा, म्हणजे गायिकेला लय मिळते आणि संकलकाला खूण. कॅमेऱ्याचा माइक नेहमी चालू ठेवा. तो आवाज शेवटी फेकून द्यायचा असला तरी जुळवणी त्याच्यावरच होते. गायिकेने खरंच गावं, पूर्ण आवाजात. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा आणि श्वास खोटं पकडून देतात.

स्पीकर गायिकेजवळ ठेवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटर अंतरावर एक फ्रेम उशीर. ब्लूटूथ इअरबडमध्ये विलंब याहून बराच जास्त असू शकतो. गायिकेच्या कानात ब्लूटूथ आणि कॅमेऱ्यापाशी वेगळा स्पीकर अशी जोडी कधीच लावू नका. फोनवर शूट करत असाल तर स्थिर फ्रेमरेट देणारं अ‍ॅप वापरा. बदलत्या फ्रेमरेटचा टेक सुरुवातीला जुळतो आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सुटलेला असतो.

स्लो-मोशनमध्ये गायचं असेल तर साधा भागाकार करा: शूटिंगचा फ्रेमरेट भागिले टाइमलाइनचा (संकलनातल्या व्हिडिओचा) फ्रेमरेट. ५० भागिले २५ म्हणजे गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, ९६ चं १९२ बीपीएम. इतक्या वेगात व्यंजनं गिळली जातात. ३० भागिले २५ म्हणजे १.२ पट, सुमारे ११५ बीपीएम. ते गाता येतं आणि हालचालीला हलकासा तरंगता भाव येतो. वेग वाढवताना स्वर तोच ठेवा, नाहीतर सेटवर सगळे हसत बसतात.

गाणं स्वतःचं नसेल तर परवानगी दोन ठिकाणी लागते: शब्द-संगीताच्या हक्कदाराची आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराची. दोन्ही लेखी घ्या, शूटिंगच्या आधी.

मुकी चाचणी

स्टोरीबोर्डचे फोटो काढून गाण्यावर बसवा, प्रत्येक चित्र ठरलेल्या सेकंदांइतकं. एका ओळीत तुमचा अपेक्षित अर्थ लिहा आणि घडी घालून ठेवा. मग गाणं माहीत नसलेल्या पाच जणांना हे आधी आवाज बंद करून, नंतर आवाजासह दाखवा. 'आवडलं का' विचारू नका, 'काय पाहिलं' विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली सांगितलेले वाचनाचे तीन मार्ग इथे समोर दिसतात: कुणी तुमचा अर्थ जसाच्या तसा घेतं, कुणी त्यात स्वतःची तडजोड करतं, कुणी साफ उलटा घेतं. उलटा अर्थ घेणारा चुकला असं धरू नका. आधी तो कोणत्या चौकटीवर वळला ते विचारा. आवाज बंद असताना आणि चालू असताना उत्तरं सारखीच आली तर तुमचं चित्र शब्दांशिवाय उभं आहे, किंवा शब्दांची नुसती री ओढतंय; कोणतं ते तक्त्यातल्या 'काय सुचतं'च्या घराशी ताडून पाहा. पाचांपैकी तिघांना खुर्ची सरकलेली दिसलीच नाही तर टेपच्या खुणा आणखी लांब घ्या आणि फक्त तेवढाच भाग पुन्हा दाखवा.