झाडं छाटण्याचा जोडधंदा: पहिली हत्यारं घेताना या चुका टाळा

मे महिना उजाडला की ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळात काय, सोसायट्यांच्या सेक्रेटरींची एकच विचारणा सुरू होते: "पावसाआधी फांद्या छाटून देणारा कोणी आहे का?" गुलमोहर गॅलरीत शिरलेला असतो, सोनमोहराची फांदी नेमकी नव्या गाडीवर झुकलेली असते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे काम करावं असं पुष्कळांना वाटतं, तसं मलाही वाटलं. रबाळ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला असल्यामुळे मशीनची भीती नव्हती, आणि फसलो ते त्यामुळेच. पहिली खरेदी केली ५८ सीसीच्या, २२ इंची बारच्या चेनसॉची, म्हणजे मशीनवर चालणाऱ्या साखळी-करवतीची (बार म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती लांब पट्टी). पहिल्या मोसमात ती जेमतेम चारदा कामाला आली.

कापणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. फांदी कापायला दोन मिनिटं लागतात. ती खालच्या कुंड्यांवर, पत्र्यावर, केबलींवर न आदळता उतरवायला अर्धा तास जातो आणि पाला-फांद्या गोळा करून हलवण्यात उरलेला दिवस. नवखा माणूस मात्र खिशातले सगळे पैसे त्या दोन मिनिटांवर लावतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

मोठं मशीन आधी घेणं

ऑनलाइन शोधलं की सगळ्यात आधी ५८ सीसी, २२ इंच हेच दिसतं. किंमत लहान मशीनइतकीच, ताकद जास्त, मग का सोडा? पेट्रोल-ऑइल भरल्यावर हे धूड सहा-सात किलोंचं होतं. जमिनीवर पडलेला ओंडका कापायला ते ठीक आहे, पण सोसायटीतल्या कामात मनगट ते मांडीएवढ्या जाडीच्या फांद्याच जास्त येतात. त्यांच्यासाठी ३५ ते ४० सीसी आणि १४ किंवा १६ इंची बार पुरतो. नेहमी जे लाकूड कापायला मिळतं, त्याच्या जाडीपेक्षा बार थोडा लांब असला की झालं. लांब बारचं टोक कुठे आहे हे नवख्याला कळत नाही. टोकाच्या वरच्या भागाला दुसरी फांदी लागली, की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं.

म्हणून पहिली खरेदी चेनसॉ नव्हे, चांगली बाकदार हातकरवत. ओढताना कापणाऱ्या दातांची, म्यानासकट मिळते ती. तिच्याबरोबर दांड्याची करवत आणि लांब दांड्याची कात्री. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात एक चक्कर मारा, हातात धरून बघा, मगच घ्या. धारदार हातकरवतीने तीन-चार इंची फांदी मिनिटाभरात उतरते आणि आवाज शून्य. नेरुळच्या एका सेक्रेटरी काकूंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अहो, ते मशीन दोन ते चार नको हं, सगळे झोपलेले असतात." तो अख्खा मे महिना हातकरवतीवर निघाला.

एका हाताने चालवायच्या बॅटरीच्या छोट्या चेनसॉचं सध्या फार कौतुक आहे. बारीक कामाला ती वाईट नाही, पण डब्यावर छापलेल्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. बॅटरीवरचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा. येईल तेवढे वॅट-अवर म्हणजे खरा साठा. २० व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे फक्त ४० वॅट-अवर. आणि एका हाताने चालते म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरायची नसते. बोटं जातात ती अशानेच.

आठवड्यातून एकदा चालणाऱ्या मशीनची दुखणी

रोज चालणारं मशीन कुरकुरत नाही. जोडधंद्यातलं मशीन पंधरा-पंधरा दिवस पडून असतं आणि नेमकं गिऱ्हाइकासमोर रुसतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्या खाडीकाठी ओलावा काही कमी नाही. टाकीत पेट्रोल-ऑइलचं मिश्रण महिनाभर राहिलं की कार्बोरेटर चिकटतो, रबरी नळ्या खराब होतात. लागेल तेवढंच मिश्रण करा. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवा. माझ्या मशीनचे दोनदा दुरुस्तीला गेलेले पैसे या एका सवयीने वाचले असते.

मिश्रणाचं प्रमाण माहितीपुस्तिकेत असेल तेच. १:५० म्हणजे पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, १:२५ म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. नुसतं पेट्रोल घातलं तर काही मिनिटांत पिस्टन जाम होतो.

बाकी नेहमीच्या तक्रारी अशा:

दोरी ओढून हात दुखले, पेट्रोलचा वास येतोय आणि मशीन चालू होत नाही: इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. पहिला 'फट्' आवाज आल्यावरही चोक तसाच राहिला असणार. चोक काढा, अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवून सात-आठदा ओढा. तरी नाहीच झालं तर प्लग काढून पुसा.

चालू होतं, पण जोर लावला की बंद पडतं: एअर फिल्टर भुशाने भरलेला असतो, नाहीतर टाकीतला पेट्रोल फिल्टर.

कापताना ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो: साखळी बोथट झाली आहे. जोर लावू नका, गोल कानस मारा. कानशीचा व्यास साखळीप्रमाणे बदलतो, तेव्हा साखळीचा नंबर दाखवूनच घ्या. प्रत्येक दातावर कानस सारख्याच वेळा फिरवा. एका बाजूचे दात आखूड झाले तर काप तिरका जातो, आणि माणूस उगाच बारला दोष देत बसतो.

धार आहे, तरी बारमधून धूर येतो: बारला ऑइल पोचत नाही. जुन्या पुठ्ठ्यावर टोक धरून रेस द्या. ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारवरचं भोक साफ करा. बारसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल वापरायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. त्यात धातूचा कीस असतो आणि तो पंपासकट सगळं झिजवतो.

काहीच कापत नाही: हसू नका, साखळी उलटी बसवली आहे का बघा. मी बसवली होती.

बार फांदीत अडकला: हिसके देऊ नका. इंजिन बंद करा, फांदीला दोराने किंवा लाकडी पाचरीने आधार देऊन फट उघडा. तरी निघाला नाही तर हातकरवतीने बाजूला काप घ्या. तेव्हा कळतं, हातकरवत आधी का घ्यायची ते.

रस्त्याकडेच्या झाडांची गोष्ट आणखी वेगळी. क्लासच्या पाट्या, 'घरबसल्या कमवा', दिवाळीच्या माळा, सगळं खिळ्यांनी ठोकलेलं असतं. साल त्यावरून वाढते आणि खिळा आत गडप होतो. साखळीचे दहा-बारा दात एका क्षणात जातात. अशा बुंध्याला हात लावण्याआधी सालीवरच्या गाठी आणि गंजाचे डाग बघून घ्या, आणि जादा साखळी पिशवीत असू द्या.

सगळे दोर सारखेच समजणं

सगळ्यात जास्त धोका मला इथे दिसतो, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. चेंदणी कोळीवाड्यात होडी बांधायला तो उत्तम, पाण्यावर तरंगतो. फांदी उतरवताना मात्र तो खोडावर घासतो आणि तापतो. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १७० अंशांना वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या पुढे. शिवाय हा प्लास्टिकचा दोर वर्षभर उन्हात राहिला की ठिसूळ होतो. फांद्यांसाठी विणलेला पॉलिएस्टरचा दोर घ्या. नायलॉन ताणला जातो, म्हणजे फांदी अंदाजापेक्षा खाली येते आणि पत्रा फुटतो.

दोरावर लिहिलेली ताकद ही तो तुटण्याची ताकद असते, उचलण्याची नव्हे. मी तिचा दहावा भागच धरतो. गाठ मारली की ती आणखी कमी होते. वजनाचा अंदाज घ्यायला ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरा: ३० सेंटीमीटर जाड आणि २ मीटर लांब ओंडका १४० किलोंच्या घरात जातो. तो मीटरभर मोकळा पडून मग दोराला झटका बसला, तर दोरावरचा ताण त्या वजनाच्या कितीतरी पट होतो. म्हणून छोटे तुकडे काढा. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळून कधीच धरू नका, खोडाला दोन-तीन वेढे द्या. मग १४० किलोंचा भारही एक माणूस हळूहळू सोडू शकतो.

फांद्यांचा दोर आणि माणूस चढायचा दोर वेगळा, रंगही वेगळा. यात तडजोड नाही.

पट्टा, शिडी, वायर

घोडबंदर रोडच्या बांधकामांवर दिसतो तसा नुसता कमरेचा पट्टा घेऊन झाडावर चढू नका. पडलात तर सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस पडणाऱ्याला झेलतो, पण त्यात बसून काम करता येत नाही. झाडासाठी अशा हार्नेसला कमरेच्या दोन्ही बाजूंनाही कड्या हव्यात. घेताना आयएस (भारतीय मानक) ३५२१ चा शिक्का बघा, हेल्मेटवर आयएस २९२५. पायाला चेनसॉची खास चॅप्स, म्हणजे पँटवरून बांधायची संरक्षक आवरणं, घ्या. त्यांच्यातले लांब धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. जीन्स काहीच थांबवत नाही.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष चेनसॉ घेऊन झाडावर चढूच नका. वरच्या कामासाठी नारळ उतरवणारा जाणता माणूस बोलवा. तो म्हणेल, "दादा, मला पट्टा-बिट्टा लागत नाही." तरीही पट्टा तुम्ही द्यायचा आणि घातल्याशिवाय वर सोडायचं नाही.

शिडी जी फांदी कापायची आहे तिलाच टेकवणं, ही चूक जुनेजाणतेही करतात. वजन उतरलं की उरलेली फांदी वर उसळते आणि शिडी अधांतरी. अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याची करवत विजेच्या तारेजवळ न्यायची नाही. ओल्या बांबूचाही भरवसा नाही. फांदी तारेला टेकली असेल तर ते काम तुमचं नव्हे. महावितरणला कळवा, पुरवठा बंद करू द्या.

चिपर, टेम्पो आणि कागद

चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं मशीन, आत्ता नको. लागेल तेव्हा भाड्याने मिळतोय का ते बघा.

परवानगीचा कागद हे मात्र हत्यारच समजा. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात झाड 'तोडणे' या शब्दात त्याला कापून किंवा जाळून इजा करणंही येतं. झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज लागतो. तो सोसायटीने करायचा आणि प्रत तुमच्या खिशात हवी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांतले आंबे-फणस बघून दर सांगण्याआधी झाडाचं वय विचारा.

आणि टेम्पो. पाला वजनाला हलका, पण जागेला राक्षस. छोटा हत्ती अर्ध्या वजनावरच भरतो आणि दुसरी फेरी तुमच्या खिशातून जाते. फांद्या हातभर लांबीच्या करून, जाड बाजू एकीकडे ठेवून रचा. वरून ताडपत्री आणि दोर. त्यासाठी तो निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर चांगला चालतो. माल कुठे टाकायचा हे वॉर्ड ऑफिसात आधीच विचारून ठेवा, कारण कोपऱ्यावर जाळायला बंदी आहे. मी पहिल्या कामाला हे विचारायचंच विसरलो, आणि सोनमोहराच्या फांद्या भरलेला टेम्पो रात्री साडेआठपर्यंत कळव्याच्या नाक्यावर उभा होता.