आईबाबांच्या महागड्या औषधांचे खिशातून किती जाणार, ते आधीच काढा

पुण्यात बऱ्याच घरी आईबाबांची सीनियर सिटिझन पॉलिसी असते पण औषधाला किती मिळणार हे बिल आल्यावरच कळतं, म्हणून आधीच बसून हिशोब करा. पॉलिसीचं पीडीएफ उघडा आणि को-पे (मंजूर रकमेतला तुम्ही भरायचा टक्का), सब-लिमिट (एखाद्या उपचाराला मिळणारी कमाल रक्कम) आणि डिस्चार्जनंतर किती दिवसांची औषधं मिळतात (बऱ्याच ठिकाणी ६० दिवस) हे शोधा.

समजा कॅन्सरच्या गोळ्यांचं बिल ८०,००० आलं, त्या उपचाराला सब-लिमिट ५०,००० आणि को-पे २० टक्के, तर ५०,००० मधून १०,००० कापून ४०,००० मिळतात, म्हणजे उरलेले ४०,००० तुमचे!! नुसता को-पे बघितला तर १६,००० च वाटतील, इथेच लोक फसतात.

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा विमा) नसेल तर पूर्ण स्वतःच्याच खर्चाने, त्यांचा खर्च वर्षाचे बाराही महिने धरा. डॉक्टरांना जेनेरिक (त्याच औषधाचं बिनब्रँडचं स्वस्त रूप) चालेल का विचारा, चालत असेल तर सरकारी जनऔषधी केंद्रात बऱ्याचदा निम्म्याहून कमीत मिळतं.

७० किंवा त्यापुढचे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचार योजनेचं) काढाच, उत्पन्नाची अट नाही, पण त्यातही डिस्चार्जनंतर १५ दिवसांचीच औषधं आहेत.