फ्लेमिंगोचे फोटो हलतात? लेन्स बदलण्याआधी या चुका टाळा

हिवाळ्यापासून मेपर्यंत नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळींवर फ्लेमिंगो टिपायला कॅमेरेवाल्यांची गर्दी असते, आणि त्यात ‘आता भारीतली लेन्स घ्यायला हवी’ म्हणणारे नवखे हमखास भेटतात. घाई करू नका. ७०-३०० मिमीच्या साध्या झूम लेन्समधूनही चांगले फोटो निघतात.

आधी बिघडलेला फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघा. चिखल, पक्षी, मागच्या इमारती असं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? मग तुमचा हात हलला. इमारती स्वच्छ आणि फक्त पंख फिस्कटलेत? शटर स्पीड, म्हणजे शटर उघडून मिटण्याचा वेग, कमी पडला. पुढची खारफुटीची फांदी कशी कोरल्यासारखी आणि पक्षी मात्र धूसर? फोकस चुकला. तिन्हींना आपण सरसकट ‘ब्लर’ म्हणतो, म्हणून उपायही चुकतो.

हातासाठी ढोबळ नियम असा: लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्यावरचा मिमीचा आकडा) ३०० असेल, तर शटर स्पीड निदान १/३०० सेकंद हवा. पण बहुतेक नवख्यांचे कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचे, म्हणून ३०० ला दीडने गुणा. ४५० आले, तर १/५०० ठेवा. उडत्या पक्ष्याला एवढ्याने भागत नाही, तिथे १/१६०० च्या आसपास जा. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सावरतं, पंखांची नाही. फोकससाठी एकच पॉइंट निवडा आणि पक्षी हलला तरी फोकस जुळवत राहणारा कंटिन्युअस मोड लावा. कॅननमध्ये त्याला एआय सर्वो म्हणतात.

शटर वाढवला की फोटो काळा पडतो, आणि इथेच लोक आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवायला घाबरतात, कारण फोटोत दाणे येतात. सकाळच्या कोवळ्या उजेडात १०० वर अडून बसण्यात काय हशील? १६०० पर्यंत बिनधास्त जा. दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात, फिस्कटलेले पंख सुधारत नाहीत.

काळ्या चिखलात उभे पक्षी पांढरेफटक येत असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करणारं +/- सेटिंग) उणे करा. उजळ आकाशात काळे दिसत असतील तर अधिक.

आणि भरतीची वेळ बघून निघा. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की थवे पाणथळीवर येऊन बसतात. ओहोटीला ते पुन्हा लांब खाडीत चरायला जातात, तेव्हा भारीतली लेन्सही तोकडी पडते.