घरदुरुस्तीचा सल्ला: कोणाला, केव्हा आणि कसा विचारावा

नळ ठिबकू लागला, पंखा मंदावला किंवा पावसाळ्यात भिंतीवर ओल चढू लागली, की आपण कोणाला तरी विचारतो. कधी शेजारच्या काकांना, कधी हार्डवेअरच्या दुकानदाराला, कधी ओळखीच्या वायरमनला. असे विचारणे योग्यच आहे, कारण घरातले पुष्कळसे बिघाड साध्या हत्यारांनी आणि थोड्या सावधगिरीने घरच्या घरी दूर होतात. मात्र सल्ल्याचा दर्जा सल्ला देणाऱ्याच्या अनुभवावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच आपण त्याला काय सांगतो यावरही असतो. ‘नळ गळतोय, काय करू?’ असे विचारले, तर प्रामाणिक माणूससुद्धा ‘नवीन बसवा’ याखेरीज काय सांगणार? नळ चोचीतून ठिबकतो, चावीच्या मुळाशी पाझरतो की भिंतीतल्या जोडापाशी ओला होतो, हे त्याला कळलेलेच नसते. आणि या तिन्हींचे कारण निराळे, दुरुस्ती निराळी व खर्चही निराळा असतो.

म्हणून पहिले काम पाहण्याचे. बिघाड नेमका कोठे आहे, केव्हापासून आहे, सतत आहे की विशिष्ट वेळीच होतो, आणि तो सुरू होण्याच्या थोडे आधी घरात काय बदलले होते, एवढे कागदावर लिहून काढावे. बिघडलेल्या वस्तूचे दोन फोटो घ्यावेत, एक जवळून आणि एक थोडा लांबून, म्हणजे आजूबाजूची पाइप, भिंत व बोर्डही दिसतात. पुष्कळदा हे लिहितानाच कारण लक्षात येते आणि कोणाला विचारण्याची गरज उरत नाही.

नळाचेच उदाहरण पुढे नेऊ. बंद केलेला नळ चोचीतून ठिबकत असेल आणि तो अनेक फेरे फिरवून बंद होणारा जुन्या पद्धतीचा असेल, तर बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो; त्यात सिरॅमिकच्या चकत्या असलेले स्पिंडल, म्हणजे चावीबरोबर फिरणारा आतला भाग, असते आणि ते संपूर्ण बदलावे लागते. नळ चालू असताना चावीच्या मुळाशी पाणी येत असेल, तर तेथील ग्लँडनट, म्हणजे चावीच्या दांड्याभोवतीचा नट, सैल झालेला असतो व तो पान्याने किंचित आवळल्यास काम भागते. जोडापाशी ओल असेल, तर नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळावी लागते. काम सुरू करण्याआधी त्या नळाकडे येणारा कॉक बंद करावा, तसा कॉक नसेल तर गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, आणि नळ उघडून पाइपमधले पाणी काढून टाकावे. बेसिनच्या जाळीवर फडके टाकावे, नाहीतर छोटा स्क्रू थेट ड्रेनेजमध्ये जातो. टेप गुंडाळताना आट्यांचे तोंड आपल्याकडे ठेवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप नळ आवळताना सुटत जाते आणि जोड पुन्हा गळतो.

येथे एक आग्रहाची सूचना आहे. दुकानात जाताना जुना भाग काढून सोबत न्यावा. घरातले नळ साधारणपणे अर्ध्या इंचाचे असले, तरी स्पिंडलची लांबी आणि त्याच्या टोकावरच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीत कोणत्याही दुकानात ‘अर्ध्या इंची नळाचे स्पिंडल द्या’ असे तोंडी सांगून आणलेला भाग बसेलच, याची खात्री देता येत नाही. जुना भाग काउंटरवर ठेवला की दुकानदार जोडीचा भाग शोधून देतो आणि वायसर का झिजला असावा, हेही बहुधा सांगतो. जुन्या पितळी नळाचा किंवा पंपाचा भाग बाजारातून नाहीसा झाला असेल, तर कोल्हापूरकरांना एक मोठी सोय उपलब्ध आहे: शिवाजी उद्यमनगरातील लेथवाले. ऑइल इंजिने आणि ओतकामावर वाढलेल्या या वसाहतीत छोटी बुश किंवा पिन नमुन्याबरहुकूम करून देणारे कारागीर आजही आहेत. तेथेही नमुना हातात असला पाहिजे.

पाणी दिसत नाही, पण टाकी लवकर रिकामी होते, अशा तक्रारीत तर तपासणीशिवाय सल्ला मागूच नये. रात्री सर्व नळ बंद करून, टाकीतली पाण्याची पातळी आतून खूण करून ठेवावी आणि सकाळी पाणी वापरण्याआधी पाहावी. पातळी उतरली असेल, तर गळती टाकीनंतरच्या पाइपांत किंवा फ्लशच्या टाकीत आहे. पाणी येत असताना सर्व नळ आणि टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी अडवणारा तरंगता नळ) बंद असूनही मीटर फिरत असेल, तर गळती मीटर आणि टाकी यांच्या दरम्यान आहे. फ्लशच्या टाकीचा संशय असेल, तर तिच्यातल्या पाण्यात खाण्याचा रंग घालून 20 मिनिटे कोणीही फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला, तर तळाचे रबर बसत नाही हे सिद्ध झाले. एवढी माहिती हाती असेल, तर प्लंबर फरशी फोडण्याची भाषा करण्यापूर्वी नेमक्या जागी पोहोचतो.

ओलीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि याच विषयात सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा आणि भिंती दोन्ही ओल्या असतात, त्यामुळे प्रत्येक डाग पावसाचाच वाटतो. ‘आतून वॉटरप्रूफ रंग मारा’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो, पण त्याने पाण्याचा मार्ग बंद होत नाही. पाणी रंगामागे साचते आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात. ‘कोणते केमिकल वापरू?’ या प्रश्नाच्या आधी ‘पाणी येते कोठून?’ हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात आपल्यालाच करता येते. डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहावी आणि दर आठवड्याला नवी रेघ मारावी. मोठ्या पावसानंतर डाग पसरत असेल आणि उघडीप मिळाली की थांबत असेल, तर गच्ची, भिंतीची भेग किंवा खिडकीचा सज्जा तपासावा. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेतही तो वाढत असेल, तर मागच्या बाथरूमकडे किंवा भिंतीतल्या पाइपकडे लक्ष द्यावे. ओल भिंतीतून येते की हवेतली वाफ भिंतीवर धरते, हे समजत नसेल, तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवावा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूस पाणी दिसले तर ओल आतून येत आहे. खोलीकडच्या बाजूस दिसले तर खिडकी उघडी ठेवणे आणि हवा खेळती करणे, हाच उपाय आहे.

शहराच्या जुन्या पेठांतील वाड्यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक वाटते. माती आणि चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की भिंतीतली ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो, आणि गिलावा वरून मजबूत दिसत असताना आतली भिंत खचत जाते. अशा घरासाठी चुन्याचे काम केलेल्या वयस्कर गवंड्याचा सल्ला घ्यावा. तो शोधायला वेळ लागला तरी चालेल. फुटकी कौले मृगाआधी बदलून घ्यावीत, पण ते काम सवय असलेल्या माणसाकडूनच करवून घ्यावे, कारण कौल वजनाने तुटते आणि उंचीवरून पडण्याचा धोका कोणत्याही बचतीपेक्षा मोठा आहे.

पावसाळ्यात लाकडी दार फुगून घासू लागते, तेव्हा बिजागरीचे स्क्रू आवळून पाहावेत आणि घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळावी. जुलैत रंधा मारून घेतलेले दार दिवाळीनंतर सुकले की फटी दाखवू लागते, म्हणून रंधा मारायचाच असेल तर तोपर्यंत थांबावे.

विजेच्या बाबतीत मात्र सल्ल्याची मर्यादा आधीच ठरवून घेतली पाहिजे. दिवा बदलणे, पडलेला एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पुन्हा वर करणे आणि बिघाड कोणत्या उपकरणात आहे हे शोधणे, एवढेच अननुभवी माणसाने करावे. एमसीबी वारंवार पडत असेल, तर त्या सर्किटवरील सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, दिव्यांची बटणे बंद करावीत, एमसीबी वर करावा आणि मग एकेक उपकरण लावत जावे. एखादे विशिष्ट उपकरण लावताच तो पडला, तर दोष उपकरणात आहे. सगळी उपकरणे मिळून चालू केल्यावर पडला, तर भार जास्त आहे. आणि काहीही लावलेले नसताना पडला, तर दोष वायरिंगमध्ये आहे, अशा वेळी तेथेच थांबून परवानाधारक वायरमनला बोलवावे. ‘थोड्या मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवा, म्हणजे पडणार नाही’ हा सल्ला कोणीही दिला तरी स्वीकारू नये. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. दिव्यांच्या सर्किटला साधारणपणे दीड चौरस मिलिमीटरची वायर असते, आणि मोठा एमसीबी पडण्यापूर्वीच ती वायर तापून जळू शकते. त्याचप्रमाणे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच) पावसाळ्यात सतत पडतो म्हणून तो काढून टाकणे म्हणजे घरातल्या माणसांचे संरक्षण काढून टाकणे होय. तो पडतो, याचा अर्थ कोठेतरी वीज जमिनीकडे झिरपत आहे, बहुधा ओल शिरलेल्या एखाद्या बोर्डात.

व्हिडिओ पाहून वायरिंगला हात लावणाऱ्यांसाठी एक इशारा फार गांभीर्याने द्यावासा वाटतो. अमेरिकेतील घरगुती वायरिंगमध्ये काळी वायर जिवंत, म्हणजे फेजची, असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडच्या घरांत काळी वायर न्यूट्रल म्हणून वापरण्याचा प्रघात आहे, लाल, पिवळी किंवा निळी फेजची असते आणि हिरवी अर्थिंगची. शिवाय तेथील साध्या सॉकेटला 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. जुन्या घरात तर कोणत्या तरी वायरमनने हाताला लागली ती वायर जोडलेली असू शकते, त्यामुळे रंगावर विश्वास न ठेवता मेन स्विच बंद करणे आणि तपासून खात्री करणे, याला पर्याय नाही. पंखा मंद फिरत असेल तर कपॅसिटर कमजोर झाल्याची शक्यता मोठी असते, आणि छताच्या पंख्यांत तो बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो. पण तो बदलणाऱ्याला एकदा तरी जाणकाराच्या समोर काम करू द्यावे.

मिक्सरविषयी थोडक्यात. मसाला वाटताना मिक्सर अचानक बंद पडला, तर दुरुस्तीच्या दुकानात नेण्याआधी प्लग काढून तो अर्धा तास थंड होऊ द्यावा आणि तळाशी असलेले, बहुधा लाल रंगाचे ओव्हरलोडचे बटण दाबावे. मोटर फिरते पण पाते फिरत नाही, असे असेल तर कपलरचे, म्हणजे मोटर व भांड्याचे पाते जोडणाऱ्या भागाचे, दाते झिजलेले असतात.

तुंबलेल्या सिंकसाठी आधी रबरी पंप वापरावा, मग खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप (सिंकखालचा बाटलीसारखा भाग) हाताने उघडून साफ करावा. अ‍ॅसिड ओतण्याचा सल्ला टाळावा, आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग तर कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गॅसच्या बाबतीत घरी करण्यासारखी तपासणी एकच: नळीवर आणि जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहणे. काडी ओढून कधीही पाहू नये. बुडबुडे आले किंवा वास आला, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, हे लक्षात ठेवून दाराची खालची बाजू मोकळी ठेवावी. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करण्याचा सल्ला, तो देणारा कितीही जवळचा असला तरी, ऐकू नये.

2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्या घरांतील लोकांना हे ठाऊक आहेच, तरीही नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगतो: पाणी ओसरल्यावर बोर्ड वरून कोरडा दिसला तरी मेन चालू करू नये. वायरमनकडून बोर्ड उघडून, सुकवून आणि अर्थिंग तपासून घेतल्यानंतरच चालू करावा. बाहेरील खांबाची किंवा तुटलेल्या तारेची तक्रार असेल, तर तिच्या जवळ न जाता महावितरणला 1912 वर कळवावे.

शेवटी, सल्ला पारखायचा कसा? ‘कारण काय असावे?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हेच कारण आहे, हे मी कसे पडताळू?’ असे पुढे विचारावे. ज्याला कामाची खरी जाण आहे, तो हे ऐकून खूश होतो आणि पडताळण्याची रीत सांगतो. केवळ अंदाज बांधणारा माणूस एखादी वस्तू विकत घ्यायला सांगतो. दोन जाणत्यांची उत्तरे वेगळी आली, तर ज्याचा उपाय स्वस्त आहे आणि फसल्यास मागे घेता येतो, तो आधी करून पाहावा. दुकानात गर्दी नसताना जावे, मिस्त्रींना काम चालू असताना फोनवर अडवू नये, आणि कोणी घरी येऊन तपासून गेले असेल तर काम नाही दिले तरी त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. नवा भाग बसवून आठवडाभर नीट चालेपर्यंत पावती आणि खोका जपून ठेवावा, कोणता भाग कोणत्या तारखेला बदलला हे वहीत लिहावे, आणि ज्यांनी सल्ला दिला त्यांना उपाय लागू पडला की नाही, हे आवर्जून कळवावे.