कॅन्सरनंतर मुलांचं शिक्षण आणि करिअर, काय करायचं

ट्रीटमेंट संपली की सगळे म्हणतात झालं आता, पण शाळेत खरी अडचण नंतर दिसते, कधीकधी काही वर्षांनी. डोक्याला रेडिएशन किंवा मेथोट्रेक्सेट (केमोचं एक औषध) दिलं असेल तर काही मुलांचं लक्ष टिकत नाही, विचार करायचा स्पीड कमी होतो आणि आपण मुलाला आळशी म्हणून मोकळे. म्हणून आधी न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट (लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा स्पीड तपासणारी चाचणी) करून घ्या आणि रिपोर्ट दाखवून परीक्षेत जास्त वेळ मागा. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध झालं असेल तर ऐकू कमी येऊ शकतं, कान तपासा, पुढचा बेंच मागा. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने हात दुखत असेल तर टाइप करू द्या. डॉक्सोरुबिसिन हे हार्टवर परिणाम करू शकणारं केमोचं औषध मिळालं असेल तर अंगमेहनतीचं काम निवडण्याआधी हार्टच्या डॉक्टरांशी बोला. ट्रीटमेंटची समरी मुलाकडेच द्या, इंटरव्ह्यूत किती सांगायचं ते त्यालाच ठरवू दे.